राणीसावरगावचा वंश आणि एक जाड सुई

बाळाच्या दवाखान्यात आयुष्य गेलं म्हणलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, "मग किती बाळं झाली हो तुमच्या हातून?" माझ्या हातून एकही नाही. मी स्ट्रेचर ढकलत होतो. जी झाली ती मोजायला डॉक्टर आहेत, रस्त्यावर त्यांचा मोठा बोर्ड आहे. जी झाली नाहीत त्यांची चौकशी कुणी करत नाही, आणि आमच्याकडे तीच जास्त होती.

या अंकाचे संपादक घरी आले होते. तरुण माणूस. म्हणाले, "मामा, दिवाळीचा अंक आहे, जरा हलकंफुलकं लिहा." मी म्हणालो, चौथी शिकलेल्या माणसाला जड लिहिता येत नाही, फिकीर करू नका. ते हसले, आणि भिंतीवरच्या फोटोचा हार बघून मधेच थांबले. फोटो सुमनचा आहे, माझ्या बायकोचा. गेल्या हिवाळ्यात गेली. मी वॉर्डबॉय होतो, ती त्याच दवाखान्यात आया. संपादकांनी खरं तर यायला उशीर केला. सांगायची हौस तिला होती, मी नुसता मान हलवणारा. बोलणारी गेली आणि मान हलवणारा लिहायला बसलाय, तेव्हा वाचणाऱ्यानं आपापलं सांभाळून घ्यावं.

दवाखाना परभणीतला. नाव सांगत नाही, डॉक्टर मॅडम अजून तिथंच बसतात आणि त्यांचं माझं काही वाकडं नाही. आत शिरलं की मोठा हॉल. भिंतीवर बाळांचे फोटो. सगळी बाळं गोरी, निळ्या डोळ्यांची, सोनेरी जावळाची. त्या फोटोंखाली बसलेली माणसं पालमची, पूर्णेची, गंगाखेडची. उन्हानं रापलेली, एसटीतून उतरून आलेली, मांडीवर डबा घेऊन बसलेली. एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मामा, इथं अशीच निघत्यात का? आमच्याकडं चालायची न्हाईत. भावकी नाव ठेवील." मी म्हणालो, "बाबा, हे नुसते नमुने हायेत. रंग घरचाच लागतो."

नवरे लोकांची तऱ्हा आणखी वेगळी. बायकोला पाच वर्षं दवाखाने दाखवतील, स्वतःची एक तपासणी करा म्हणलं की अंगावर येतील. ताडकळसचा एक गडी हॉलमध्ये उभा राहून ओरडला होता, "माझं काय तपासायलाव? मी क्विंटलचं पोतं पाठीवर घेतो!" सुमन फडकं पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "घे की बाबा. पाठीची तपासणी हितं न्हाईच." गडी निमूट डबी घेऊन आत गेला.

सुमनचं तोंड असं होतं. पण तिच्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढं अडायला नको. आम्हाला मूल झालं नाही. का झालं नाही ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि पुढं आम्हीही विचारलं नाही. तर गंमत अशी की हॉलमध्ये बसलेल्या सगळ्या बायकांना मूल नाही, म्हणून तर त्या आलेल्या. पण सुमनला मूल नाही हे कळलं की त्यांच्या सासवा मॅडमकडं जायच्या, "दुसरी आया द्या, हिचा हात नको." कोरड्या विहिरीनं कोरड्या विहिरीला नाव ठेवावं तसला प्रकार. मॅडम ऐकायच्या नाहीत. सुमन घरी येऊन म्हणायची, "आज परत मी अपशकुनी निघाले. चहा करा." मी चहा करायचो.

आता धंद्याचं थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाईच्या पिशवीला आतून एक थर असतो. शिकलेली माणसं त्याला अस्तर म्हणतात. मी गावाकडचा, मला ते सारवणासारखं वाटतं. बाईचं शरीर दर महिन्याला आतून नवं सारवण घालतं, पाहुणा येईल म्हणून. पाहुणा आला नाही की जुनं सारवण उतरवून टाकतं, पुन्हा नवं घालतं. पाळी म्हणजे तेच उतरलेलं सारवण. एवढं साधं काम आहे, आणि त्याच्यावरून आमच्याकडे बाईला बाहेर बसवतात.

कुणाकुणाचं हे सारवण धरतच नाही. पातळ राहतं, नाहीतर पिशवीच्या भिंती एकमेकीला चिकटून बसतात. कुणाला आतला क्षय झालेला असतो. पण आमच्या भागात जास्त करून एकच कारण, पिशवी धुणं. दिवस राहत नाहीत, धुवा. पोटातलं पडलं, धुवा. अंगावरून जास्त जातंय, धुवा. तालुक्यातालुक्याला असले डॉक्टर बसलेत की आलेल्या बाईला खुर्चीवर बसायच्या आधी टेबलावर झोपवतात. आणि घरचे पण असे की बाहेर येऊन छाती काढून सांगतात, "आमी दोनदा धुवून घेतली, एकदम स्वच्छ." धुणं म्हणजे खरवडणं, हे त्यांना कुणी सांगत नाही. भुईवरचं सारवण निघेपर्यंत खरवडलं तर ठीक. खालची भुईच खरवडून काढली तर पुढचं सारवण बसणार कशावर?

यावर इलाज म्हणून गोळ्या होत्या, इंजेक्शनं होती. मग ते फिरकीचं मशीन आलं. बाईच्या हातातून रक्त काढायचं, नळीत घालून मशीनमध्ये गरगर फिरवायचं. डेअरीत दुधाचं फॅट बघायला असतं, तसंच. लाल खाली बसतं, वर पिवळं येतं. ते पिवळं पिशवीत सोडायचं, थर वाढायला मदत होते म्हणतात. एका आजीबाईनं नळी बघितली आणि सुनेला म्हणाली, "बग गं, तुझ्या रक्ताचं तूप काढायलेत. घरी कधी लोणी निघालं न्हाई तुझ्या हातनं."

आणि मग आले पुण्याचे साहेब. महिन्यातून एकदा यायचे, पेट्या घेऊन. त्यांचा उपचार मूळ पेशींचा. कमरेच्या मागच्या हाडात सुई घालायची, हाडाच्या आतला रक्तासारखा गर ओढून घ्यायचा, त्यातल्या कामाच्या पेशी वेगळ्या करायच्या आणि पिशवीत नेऊन सोडायच्या. मूळ पेशी म्हणजे अजून काहीच न बनलेल्या पेशी. त्या आत जाऊन थर पुन्हा उगवायला हात लावतात, असा अंदाज. अंदाज हा शब्द माझा नाही, साहेबांचाच. ते प्रत्येकाला सरळ सांगायचे, "हा अभ्यास आहे. खात्री नाही. पैसेही घेणार नाही." आता आमच्याकडे फुकट म्हणलं की एकतर रांग लागते नाहीतर संशय येतो. इथं दोन्ही झालं. रांग बायकांची होती, संशय घरच्यांचा.

त्या रांगेत वंदना होती.

वंदना राणीसावरगावची सून. किडकिडीत, कमी बोलणारी, पण डोळे एका जागी ठरणारे. नवरा बालाजी, दिसायला देखणा आणि बाकी अण्णा म्हणतील तसं. अण्णा म्हणजे त्याचा बाप. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, जमीन बरी, आवाज जमिनीपेक्षा मोठा. वंदनाचं पहिलं पोट पडलं तेव्हा अण्णांनीच तिला तालुक्याला नेलं आणि पिशवी धुवून घेतली. मग परत दिवस राहीनात म्हणून आणखी एकदा. मग एका पाहुण्यानं चांगला डॉक्टर सांगितला म्हणून तिसऱ्यांदा. तिसऱ्या धुण्यानंतर वंदनाची पाळीच बंद झाली. अण्णा मॅडमला म्हणाले, "ते एक बरं झालं, घरात बाहेर बसायची कटकट गेली." मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडं बघत राहिल्या. शिव्या देता येत नाहीत, शिकलेल्या बाईची ती मोठी अडचण.

आधी दुर्बिणीनं चिकटलेल्या भिंती सोडवल्या. थर आला नाही. फिरकीचं तूप झालं. थर आला नाही. मग मॅडम म्हणाल्या, पुण्याच्या साहेबांच्या अभ्यासात हिला घेऊ, एवढाच एक उपाय माझ्यापाशी उरलाय.

वॉर्डात सुमन तिचे केस विंचरून देत होती तेव्हा वंदनानं पोटातलं सांगितलं. मी खाटेखालची बादली काढायला वाकलो होतो म्हणून ऐकलं.

"मावशी, अण्णांनी पालमला पोरगी बगितलीय. ह्यांच्यासाठी."

"आन् तू हाईस की अजून जित्ती."

"पाहुणे म्हनले, दुसऱ्या लग्नाला पहिलीची सही घिऊ. ह्या येळंला जमलं तर ठीक, न्हाई तर लग्नसराईत उरकून टाकू म्हनत्यात."

"बालाजी काय म्हनतोय?"

"ते अण्णाला इचारून सांगतो म्हनले."

सुमनचा कंगवा थांबला. "स्वतःच्या लग्नाचं बापाला इचारून सांगतोय! मंग लग्न अण्णालाच करू द्या की."

वंदना हसली. मग हसता हसता रडली. तर प्रकरण एवढं होतं. मूल ही पुढची गोष्ट, त्या पोरीला आधी घरातली जागा टिकवायची होती, आणि त्यासाठी तिच्यापाशी साहेबांची एक सुई होती.

सुईचा दिवस उजाडला. साहेब सकाळच्या गाडीनं आले, पेट्या उघडल्या. मी वंदनाला स्ट्रेचरवर घेतलं. दारापाशी पोचलो तर अण्णा आडवे.

"थांबा थांबा. मॅडम, एक इचारायचं राह्यलं. हाड कुणाचं घेनार?"

मॅडम म्हणाल्या, "वंदनाचंच."

"आन् त्यातलं काढून तिच्याच पिशवीत सोडनार?"

"हो."

"मंग आमचं काय राह्यलं त्यात?"

मॅडमना कळेना. मला लगेच कळलं. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे सोयरीक करताना आधी हाड बघतात. जुन्या माणसांच्या मनात पक्कं बसलंय की लेकराला मांस आईकडून येतं आणि हाड बापाकडून. हाड म्हणजे वंश, खानदान, भावकी, जमीन, सगळं त्यात आलं. आता सुनेच्या हाडातलं काढून पिशवीत घातलं तर लेकराचं हाड सुनेच्या बापाचं होणार, म्हणजे राणीसावरगावच्या जमिनीवर दुसऱ्याचा वंश बसणार, असा अण्णांचा हिशोब. त्यांच्या डोक्यानं बघितलं तर हिशोबात चूक काढायला जागा नव्हती.

मॅडमनी कागद घेतला, चित्र काढलं. बाळ वेगळं, थर वेगळा. बाळ बालाजीच्या आणि वंदनाच्याच बीजाचं. हाडातल्या पेशी नुसत्या जागा नीट करायला. अण्णांनी चित्र नीट बघितलं, सरळ धरून बघितलं, लांब धरून बघितलं.

"चित्र बेस हाय. पर मंग असं करा, बालाजीचं हाड घ्या. पोरगा उभाच हाय हितं."

बालाजीनं मागं बघितलं, दुसरा कोणी बालाजी उभा आहे का म्हणून.

मॅडम म्हणाल्या, "असं चालत नाही. दुसऱ्याच्या पेशी शरीर घेत नाही."

"नवरा दुसरा कसा झाला मॅडम? रीतसर लगीन लागलंय त्यांचं. पंगतीला सगळा गाव होता."

यावर मॅडमपाशी चित्र नव्हतं. आतून पुण्याच्या साहेबांचा माणूस आला, म्हणाला, लवकर ठरवा, आज नाही तर हिची जागा दुसऱ्या बाईला जाईल. स्ट्रेचरवर वंदनानं दोन्ही हातांनी दांडी धरून ठेवलेली, जणू मीच तिला मागं ओढणार होतो.

तेव्हा सुमन पुढं झाली. "अण्णा, तुमच्या घराला सारवायला शेण कुणाचं आनता?"

"गाईचं."

"घरच्याच?"

"न्हाई, कधी शेजाऱ्याच्याबी."

"मंग शेजाऱ्याच्या गाईच्या शेनानं सारवलं तर घर शेजाऱ्याचं झालं का?"

हॉलमधली माणसं हसली. मला वाटलं, मिटलं. पण अण्णा असे मिटणाऱ्यातले नव्हते. सुमनकडं बघून म्हणाले, "घर आन् वंश एक न्हाई. आन् तुला काय कळायचं त्यातलं? तुझी कूस तर कधी उजवलीच न्हाई."

 तो निळ्या डोळ्यांच्या बाळांचा हॉल, त्यात बसलेल्या सगळ्या मोकळ्या कुशी, सगळ्यांनी माना खाली घातल्या. अण्णांनी एका वाक्यात सगळ्यांनाच पाडलं होतं, त्यांना पत्ताही नव्हता. मी स्ट्रेचर सोडून पुढं निघालो. म्हातारपणी मारामारी करायची हौस नव्हती, पण निघालो. सुमननं नुसतं डोळ्यानं मला थांबवलं.

बोलली ती वंदना. आडवी पडून, छताकडं बघत. "अण्णा, तीनदा खरवडून माझं मांस काढलं. तवा कुणाचं म्हनून इचारलं न्हाई तुमी. आज हाडाचं बरं आठवलं."

अण्णांच्या आयुष्यात सुनेनं पहिल्यांदा त्यांना उलट विचारलं असावं. ते बालाजीकडं वळले. "तूच सांग रं. सही तुझी हाय. तुझं हाड घेनार असतील तर सही कर, न्हाई तर चल घरी."

इथं सुमननं जे केलं ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. साहेबांच्या टेबलावर एक सुई असायची, दाखवायची, रोग्याला समजावून सांगायला ठेवलेली. सुई कसली, पोतं शिवायच्या दाभणाची थोरली बहीण. मागं धरायला आडवी मूठ. सुमननं आत जाऊन ती आणली आणि बालाजीच्या डोळ्यांपुढं धरली.

"बाळा, ही अशी मागनं कमरंत घालत्यात. हाडाला लागली की पिळत पिळत आत. तुझ्या कमरंत घालायची म्हनतोस तर मॅडमच्या हातापाया पडून बगते मी. बोल, कुनाच्या घालायची?"

बालाजीनं सुई बघितली. त्याचा गोरा चेहरा आधी पिवळा झाला, मग कसल्या रंगाचा झाला मला सांगता येणार नाही. तो भिंतीला टेकला.

"अण्णा," तो म्हणाला, "तिचंच असू द्या. काय फरक पडायलाय."

आणि सही केली. आजवर बापाच्या शब्दाबाहेर न गेलेला पोरगा सुईच्या धाकानं गेला. शेकडो वर्षांचा राणीसावरगावचा वंश त्या दिवशी बालाजीच्या कमरेवर येऊन ठेपला, आणि कमरेनं माघार घेतली.

आत साहेबांनी वंदनाला कुशीवर वळवलं. भूल जागेपुरतीच देतात. त्यानं कातडं बधिर होतं, आतून गर ओढताना कळ येते ती येतेच. धडधाकट गडी बोंबलताना मी ऐकलेत. वंदनानं सुमनचा हात धरला आणि एक शब्द काढला नाही. बाहेर आल्यावर सुमनच्या मनगटावर पाच बोटं उमटलेली. हिचा हात नको म्हणणाऱ्या सासवांना तो दाखवायला पाहिजे होता.

मग वाट बघायची. सगळ्या दवाखान्यांत औषध विकतात, आमच्याकडे वाट बघणं विकतात. साहेबांचं तेवढं एक फुकट होतं, म्हणून बरं.

आणि एक दिवस तिघं आले. वंदनाच्या हातात पेढ्यांचा पुडा. सरळ सुमनपाशी येऊन तिच्या हातात पेढा ठेवला, कानात काहीतरी बोलली. सुमननं तिथंच तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मला पेढा, मॅडमला पेढा, झाडूवालीला पेढा. अण्णांना बहुतेक कुणी नीट सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "काय, राह्यले का दिवस?" आणि पेढा तोंडात टाकला.

सुमन म्हणाली, "दिवस न्हाई अण्णा. पाळी आली तिला. थर धरलाय."

अण्णांचा पेढा अर्धा तोंडात, अर्धा बाहेर. गिळावा का थुंकावा कळेना. सुनेला कावळा शिवला म्हणून पेढे वाटलेले त्यांच्या सात पिढ्यांत कुणी बघितले नसतील. शेवटी गिळला. पेढा चांगला होता.

मी एवढ्या वर्षांत दवाखान्यात लय आनंद बघितला. जुळी बघितली, बँडबाजा बघितला, दवाखान्याच्या दारात फुटलेले फटाके बघितले. पण पाळीचे पेढे ते एकदाच.

इथंच थांबलो असतो तर संपादकांच्या मनासारखं झालं असतं. पण पुढं असं झालं की बाहेर तयार केलेला गर्भ मॅडमनी वंदनाच्या पिशवीत सोडला, आणि तो राहिला नाही. थर आला होता, पण पुरेसा नव्हता, असं मॅडम म्हणाल्या. साहेबांनीही सांगितलं, काही जणींना जमतं, काही जणींना नाही, का ते अजून आम्हाला सांगता येत नाही. अभ्यासात आणखी एकदा करता येईल, बाईची इच्छा असेल तर.

बाईची इच्छा विचारायच्या आधी अण्णा बोलले. "करा की! हाड काय सरायलंय का? सून धडधाकट हाय. दोन्हीकडनं काढा पाहिजे तर."

एकदा पेढा गिळल्यावर माणूस बदलतो तो असा. ज्या हाडानं वंश बुडणार होता ते आता दोन्हीकडून पाहिजे होतं. "आन् ह्या येळंला न्हाई झालं," ते पुढं म्हणाले, "तर पालमच्या लोकास्नी लग्नाचं कळवावं लागंल. ते किती दिवस थांबतील?"

वंदना बाकावर बसली होती. मी रिकामं स्ट्रेचर घेऊन शेजारी उभा, आत न्यायचं का नाही याची वाट बघत. तिनं सुमनकडं बघितलं.

"मावशी, एक इचारू? राग धरू नगा. तुमी कशा राह्यलाव?"

कशाबद्दल विचारतेय ते तिथं सगळ्यांना कळलं. सुमननं फडकं खांद्यावर टाकलं. मला वाटलं देवाचं काहीतरी सांगेल, नाहीतर नशिबाचं.

"राह्यले," ती म्हणाली. "भांडायला ह्यो होता की." आणि माझ्याकडं हनुवटी उडवली.

वंदनानं माझ्याकडं बघितलं. एवढा वेळ बघितलं की मी स्ट्रेचरची चादर नीट करायला लागलो. मग तिनं मान वळवली आणि बालाजीकडं बघितलं.  तसं माझ्याकडं कुणी बघितलं असतं तर मी उठून पळालो असतो.

बालाजी पळाला नाही. हे मला आजही नवल वाटतं, कारण तो सगळ्या गोष्टींना भिणारा माणूस होता, सुईला, बापाला, सहीला. तो उठला, बाकाखालची तिची पिशवी काढली, खांद्याला लावली आणि म्हणाला, "अण्णा, ती म्हनंल तरच करायचं. आन् पालमच्या लोकांना न्हाई म्हनून कळवा. तुमाला जमत नसलं तर मी जाऊन सांगतो."

अण्णा म्हणाले, "आन् वंश?"

बालाजीनं खांद्यावरची पिशवी नीट केली.  मग नुसता वंदनाला म्हणाला, "चल, गाडी चुकंल."

वंदनानं दुसरी सुई घेतली नाही. परत आलीच नाही ती. साहेबांच्या अभ्यासात तिच्या नावापुढं काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे, थर आला, मूल नाही. खोटं नाही ते. मागं राणीसावरगावचा एक माणूस बाजारात भेटला, त्याला विचारलं. म्हणाला, "दोघं शेतातच घर बांधून राहायलेत. दिवसभर भांडत्यात लेकाचे, रस्त्यापर्यंत ऐकू येतंय." मला बरं वाटलं. का बरं वाटलं ते त्याला कळलं नाही, मी सांगितलंही नाही.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर मी सुमनला विचारलं होतं. एवढा संसार झाला, हिनं माझ्याबद्दल चांगला शब्द काढला नव्हता, आणि काढला तो परक्या पोरीपुढं, भर हॉलमध्ये.

"काय गं, मी काय नुसता भांडायला होतो व्हय?"

ती चुलीपुढं बसली होती. मागं न बघता म्हणाली, "मंग काय, पुजायला होता?" आणि माझ्या ताटात भाकरी टाकली. एका बाजूनं करपलेली. मी त्यावरून बोललो, ती त्यावर बोलली, जेवण होईपर्यंत चाललं.

आता भाकरी मीच थापतो. रोज करपते. बोलू कुणाला?